खैराचा गाभा
(सुतारकाम वर्गाच्या साहाय्यकांच्या मेळाव्यात, रत्नागिरी येथे केलेलं भाषण)



मी दोन वस्तू आणल्या आहेत. एक कोयत्याची मूठ, एक मोगरी. दोन्ही आपल्या वर्गातल्या कातकरी मुलांनी खैरातून घडवल्या आहेत. पुढच्या बाकावरून मागेपर्यंत फिरवा आणि हातात धरून वजन बघा.

पुष्कळ जण मला विचारतात, "मुलांना सागावर का शिकवत नाही? खैर कशाला?"

आधी लाकडाचं सांगतो. वाळलेला खैर घनमीटरला जवळजवळ एक टन भरतो. साग साडेसहाशे-सातशे किलो. खैराचा गाभा गडद तांबडा असतो आणि त्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचं पिवळट लाकूड मात्र किडा खातो, म्हणून ते तासून टाकावं लागतं. खोड बारीक आणि वाकडं, त्यामुळे कपाट-पलंगाच्या फळ्या निघत नाहीत. पण जिथे रोज मार बसतो, झीज होते, तिथे खैरच टिकतो. मुसळ, कुऱ्हाडीचा दांडा, खुंट्या, बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, घराचे खांब यांसाठी जुन्या लोकांनी तो उगाच निवडला नाही.

काम अवघड आहे. वाळल्यावर हे लाकूड करवतीचे दात बोथट करतं. म्हणून ओलं असतानाच ढोबळ आकार द्यायचा, टोकांना मेण फासायचं आणि सावलीत हळूहळू वाळू द्यायचं, म्हणजे ते तडकत नाही. मग कानस, काचकागद, शेवटी तेलाचा हात. घाई केली की खैर लगेच चूक दाखवतो.

दुसरं कारण या मुलांच्या नावातच आहे. कातकरी हे नाव कातावरून आलं. गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळायचे, ते पाणी आटवायचं, थंड झालं की कात थिजतो. आपण पानाला लावतो तोच. ही विद्या त्यांच्या वाडवडिलांची. 1878 च्या वनकायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली, खैर हातचा गेला आणि हे लोक कोळसा पाडायला, वीटभट्टीवर, मजुरीला लागले. चिपळूण तालुक्यात काताचे कारखाने आजही आहेत. कातकऱ्याच्या वाट्याला उरली ती बहुतेक तोडणीची कुऱ्हाड.

आता माझी चूक सांगतो. वर्गातला एक हुशार मुलगा अचानक यायचा थांबला. एका दलालाने त्याला रात्रीच्या तोडीला नेलं होतं. परवाना नव्हता. दलाल निसटला, मुलगा सापडला. मी त्याला चांगला गाभा ओळखायला शिकवलं होतं, कायदा शिकवला नव्हता. परत आला तेव्हा ओंडक्याला हात लावण्याआधी त्याने विचारलं, "गुरुजी, हा कागदाचा आहे ना?" मला उत्तर द्यायला वेळ लागला.

तेव्हापासून आमचा पहिला धडा करवतीचा नाही, कागदाचा आहे. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत खैर आहे. झाड स्वतःच्या बांधावर असलं तरी तोडायला परवानगी लागते, वाहून न्यायला पास लागतो. आता मुलं हे तोंडपाठ सांगतात.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या जमिनीत खैर आहे. दलालाच्या तोंडी बोलीवर उभं झाड विकू नका. परवानगी घ्या, तोडलंत तर तिथेच दोन रोपं लावा आणि जमल्यास एक ओंडका कागदासकट वर्गाला द्या. घरच्या कोयत्या-कुऱ्हाडीचे दांडे आमच्या मुलांकडून करून घ्या. दया म्हणून नको, दांडा चांगला आहे म्हणून घ्या आणि रास्त दाम द्या.

निर्गमाच्या 25 व्या अध्यायात कराराच्या कोशासाठी देवाने कोणतं लाकूड सांगितलं ते आठवा. मराठी शास्त्रात त्याला बाभळीचं लाकूड म्हटलं आहे. खैर बाभळीचाच काटेरी भाऊबंद. ज्याला रानातलं झुडूप म्हणून माणसं ओलांडून जातात, त्याच्या कुळातलं लाकूड सोन्याने मढवायला देवाने निवडलं. आणि आपला प्रभू स्वतः सुताराच्या कामावर वाढला.

त्या मुलाने पुढे घडवलेली मोगरी आता तुमच्या हातात फिरते आहे. ती नीट बघा, आणि जाताना परत द्यायला विसरू नका. सोमवारी त्याला ती कामाला लागणार आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.