फेब्रुवारीतलं गाव

तुमच्या गावची लोकसंख्या किती, असं कुणी विचारलं की आपण जनगणनेतला आकडा सांगतो. तो आकडा वर्षातल्या कोणत्या दिवसांतला, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावांसाठी खरा प्रश्न तोच आहे.

2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. मी तेव्हा प्राथमिक शिक्षक होतो. प्रगणक म्हणून माझ्याकडे एक तांडा आणि दोन वस्त्या आल्या. फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा ऐन हंगाम. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, दिवाळीच्या सुमारासच ऊसतोडीला गेलेल्या. घरोघरी कुलपं. एका ओट्यावर आजी आणि तीन नातवंडं. मी विचारलं, ‘‘घरात माणसं किती?’’ आजी म्हणाल्या, ‘‘मास्तर, आता चार लिवा. पाडव्याला या, नऊ लिवाल.’’

नियम असा की एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. पण मोजणीचा सगळा काळ जो बाहेर आहे, त्याची नोंद तो असेल तिथं व्हायची. आजीचे मुलगे-सुना फडाकडेच्या कोपीत मोजले जायला हवे होते. तिथला प्रगणक कोपीपर्यंत पोचला, तर माणूस देशाच्या हिशेबात राहतो, गावाच्या हिशेबातून जातो. नाही पोचला, तर दोन्हींतून जातो.

हा हिशेब किरकोळ नाही. ग्रामपंचायतीत 7 सदस्य की 17, हे लोकसंख्येवर ठरतं. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असतात. बाकी समाजांचं तर चित्रच नाही. स्वातंत्र्यानंतर 2011 पर्यंतच्या जनगणनांनी फक्त अनुसूचित जाती आणि जमाती वेगळ्या दाखवल्या. आपल्या राज्यात तांड्यावरचा बंजारा विमुक्त जातींत येतो, वंजारी भटक्या जमातींत. ऊसतोडीला जाणाऱ्यांत हे दोन्ही समाज मोठ्या संख्येनं आहेत. पण गावात ते किती, हे जनगणनेचं पुस्तक सांगत नाही.

मोजून काय होतं, असं कुणी म्हणेल. आमच्याच जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 894 मुली होत्या, 2011 मध्ये 807. मुली कुठं गेल्या, हा प्रश्न त्या आकड्यानं सगळ्या महाराष्ट्राला विचारायला लावला. जे मोजलं जात नाही, त्याबद्दल जाब विचारता येत नाही.

2021 ची जनगणना लांबली. पुढच्या जनगणनेत जातीची नोंद होणार आणि तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 असेल, असं केंद्र सरकारनं 2025 मध्ये जाहीर केलं. म्हणजे माणसं मोजली जाणार ती पुन्हा ऐन हंगामातच.

तारीख आपल्या हातात नाही. पण ट्रॅक्टर गाव सोडतात, तेव्हा कोण कुठल्या कारखान्याला गेलं, याची यादी ग्रामपंचायत करू शकते. ज्यांच्या शिवारात कोप्या उभ्या राहतात, ते शेतकरी प्रगणकाला वाट दाखवू शकतात. आणि जाणाऱ्यानं एवढं विचारावं, ‘‘आमची नोंद झाली का?’’

आजींच्या घरातली ती पाच माणसं कुठं मोजली गेली की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मी त्या दिवशी नियमाप्रमाणं चार लिहिले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)