डांग्या खोकला आणि अ‍ॅलर्जी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या घरांतून दोन विधाने आमच्या कानी वारंवार येतात. एक, ‘लहानपणी डांग्या खोकला झाला, तेव्हापासून याला दमा लागला.’ दुसरे, ‘टोचल्यापासून थोरल्याच्या अंगावर पित्त उठते; धाकट्याला आम्ही टोचणार नाही.’ पहिले बहुधा आजीचे, दुसरे शिकलेल्या तरुण आईबापांचे. या दुसऱ्या विधानापायी तान्ह्या मुलाचा जीव धोक्यात येतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

१९०६ साली ब्रुसेल्स येथे बोर्डे व जाँगू यांनी या खोकल्याचा जंतू वेगळा काढल्याचे प्रसिद्ध केले. योगायोग असा की, त्याच वर्षी व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द रूढ केला. पुढे १९४८ मध्ये असे दिसून आले की, या जंतूंची लस टोचलेले उंदीर हिस्टॅमिनच्या एरवी निरुपद्रवी मात्रेनेही दगावतात; आणि हिस्टॅमिन हे तर अ‍ॅलर्जीत शरीर स्वतःच सोडीत असलेले द्रव्य! तेव्हा संशय अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. मात्र उंदरावरून माणसाचा निर्णय करणे घाईचे ठरते.

निर्णयास उपयोगी पडला तो स्वीडन देश. तेथे १९७९ मध्ये ही लस बंद करण्यात आली व १९९६ पर्यंत ती नित्य लसीकरणात परतली नाही. त्यामुळे लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांची प्रामाणिक तुलना करता आली. ६६९ अर्भकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. काहींना डांग्या खोकल्याची लस मिळाली, काहींना केवळ घटसर्प व धनुर्वात यांची. अडीच वर्षे वयापर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अ‍ॅलर्जीच्या विकारांचे प्रमाण सर्व गटांत सारखेच. ज्यांना प्रत्यक्ष डांग्या खोकला झाला, त्यांच्यात मात्र दम्याशी संबंध आढळला.

म्हणजे आजीचे म्हणणे खरे ठरले काय? पूर्णपणे नव्हे. मुळातच नाजूक श्वासनलिकेच्या मुलास हा खोकला अधिक जाचत असेल, आणि दमा त्याला एरवीही झाला असता, ही शक्यता उरतेच. आईबापांना दमा वा अ‍ॅलर्जी असल्यास मुलांतही ती अधिक दिसते, हेही विसरता येत नाही. तथापि आजीचा संशय रोगावर होता, लसीवर नव्हता, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

‘रोग होऊन गेला की मूल काटक होते’ असेही काही सुशिक्षित म्हणतात. त्यांनी सहा महिन्यांच्या आतील मूल या रोगात पाहिलेले नसावे. त्याला ती प्रसिद्ध ‘डांग’ लागतेच असे नाही. कित्येकदा खोकला न येताच त्याचा श्वास थांबतो, व ते निळे पडते.

ही लस आपल्याकडे सरकारी केंद्रांत सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात विनामूल्य मिळते. पुढे सोळा ते चोवीस महिन्यांत व पाच-सहा वर्षांच्या वयात पुन्हा. मात्र पहिल्या सहा आठवड्यांत बाळाला हा आधार नसतो. तेव्हा बारशाला येणाऱ्या मंडळींपैकी ज्यांना दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, त्यांनी, मग ते सख्खे काका का असेनात, पाळण्यापासून दूर बसावे व आधी डॉक्टरांना दाखवावे.