उन्हाळ्यातला वॉलआय

श्रोतेहो, अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९६५ साली ज्या माशाला राज्यमाशाचा मान दिला, तो वॉलआय. पाठ हिरवट-पिवळी, जबडा दातांचा, आणि डोळे काचेच्या गोटीसारखे धुरकट! त्या डोळ्यांतच सारी मेख आहे. मांजराच्या डोळ्यांप्रमाणे त्यांच्या आत प्रकाश परतविणारा पडदा असतो. त्यामुळे संधिप्रकाशात त्याला उत्तम दिसते, आणि भर उन्हात तो उजेड टाळतो.

तेव्हा उद्या तिकडे जाण्याचा योग आला आणि जुलैतल्या दुपारी नितळ पाण्यात गळ टाकून बसलात, तर बहुधा नुसते बसूनच राहाल. सूर्य कलू द्या. दिवेलागणीला तो पाणवनस्पतींच्या कडेला लहान मासे खायला येतो. आभाळ भरून आले, वाऱ्याने लाटा उठल्या, तर मात्र दिवसाही आशा धरावी. आमिष? जळू! किळस करू नका. ऊन पाण्यातही ती वळवळत राहते, आणि त्या वळवळीला वॉलआय भुलतो. शिसे तळाला लागेल न लागेल असे ठेवून होडी अगदी सावकाश चालवायची.

खोल तळ्यात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. तळाशी गारवा असतो खरा, पण प्राणवायू पुष्कळदा संपलेला. म्हणून मासा मधल्या थराच्या आसपास राहतो.

आता जरा नाजूक गोष्ट. सोडून दिलेला मासा जगतोच असे नाही. पाणी जितके ऊन, तितका त्यात प्राणवायू कमी, आणि झटापटीने दमलेल्या माशाला सावरणे तितकेच कठीण. शिवाय तीसएक फुटांखालून वर ओढला, तर त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. त्या हवेला बाहेर पडायला वाट नसते.

मिल लॅक्स या विस्तीर्ण पण उथळ तळ्यातले वॉलआय घटले, तेव्हा २०१६ च्या हंगामात पकडलेला वॉलआय सोडून द्यावा, असा नियम झाला. पण तेथे १८३७ च्या करारान्वये ओजिब्वे लोकांचाही हक्क आहे, १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, आणि दोघांचे वाटे ठरलेले असतात. सोडल्यावर मेलेले मासेही राज्याच्या वाट्यात धरले जातात! म्हणून २०१७ च्या जुलैत काही आठवडे तेथे वॉलआय धरणेच बंद ठेवावे लागले. ऐन हंगामात पोटावर पाय आला, म्हणून तळ्याकाठचे विश्रामगृहवाले चिडले, तेही साहजिकच होते.

तेव्हा फार ऊन असेल, तर नियमात बसतील तेवढे मासे घ्यावेत आणि गळ गुंडाळावा. सोडायचाच असेल, तर हात ओले करून, मासा पाण्यात असतानाच त्याच्या तोंडातला गळ काढावा.