जतच्या अंगणातील फुलझाडे

जत तालुका पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगरांनी पावसाचे ढग अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात येत असल्याने, घरापुढील वृक्ष निवडताना फुलांच्या रंगाआधी मुळांची खोली आणि लाकडाचा चिवटपणा पाहणे इष्ट ठरते. मादागास्करहून आलेला गुलमोहर लवकर वाढतो, परंतु त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असल्यामुळे वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडून छपरावर पडण्याचा धोका राहतो. ताम्हणाला महाराष्ट्राच्या राज्यपुष्पाचा मान असला, तरी तो मूळचा ओढ्याकाठचा वृक्ष असल्याने मुरमाड, कोरड्या जमिनीत त्याचा हट्ट धरू नये. याउलट बहावा सावकाश वाढतो, मात्र एकदा रुजल्यावर अल्प पाण्यावर तग धरतो आणि एप्रिल-मे महिन्यांत, पाने बहुतांशी गळालेली असताना, पिवळ्या घोसांनी लगडतो. अंगण लहान असल्यास कांचन पुरेसा होतो; दसऱ्याला ज्याची पाने लुटली जातात तो आपटा त्याचाच भाऊबंद, फक्त फुलांच्या बाबतीत काहीसा कंजूष. लागवडीसाठी भिंतीपासून सुमारे 10 फूट अंतरावर खड्डा घेऊन त्यात मुरूम न भरता माती व शेणखत भरावे आणि पहिले दोन-तीन उन्हाळे आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे.