आडनावातली पोत
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण)



आज मी फक्त माझ्या सासरच्या आडनावाबद्दल बोलणार आहे. आडनाव पोतनीस. फारसे आढळत नाही, म्हणून कचेरीत कोणी 'पोटनीस' लिहितो, कोणी 'पोतदार'. शाळेत माझ्या मुलाला पोरे 'पोतेरे' म्हणत. ते सोडा.

लग्नाला बारा वर्षे झाल्यावर मी गळ्यातले काढून ठेवले. नवरा काही बोलला नाही. बोलल्या त्या चुलत सासूबाई. "अगं, आपल्या आडनावातच पोत आहे. पोतनिसांच्या सुनेचा गळा मोकळा?" सगळ्यांना ते पटले. मला उत्तर सुचेना. धर्म, रूढी यांवर वाद घालायची माझी तयारी होती, शब्दार्थावर नव्हती.

मग कोश काढले. काळ्या मण्यांची ती पोत. कापडाचा तो पोत. गोंधळात देवीपुढे पाजळतात तोही पोत. संस्कृतातला पोत म्हणजे जहाज. आडनावातला पोत यांपैकी कोणीच नव्हे! तो फारसी 'फोता' – पैशांची थैली, त्यावरून सरकारी खजिना. 'नीस' म्हणजे 'नवीस', लिहिणारा. चिटणीस, फडणीस यांत आहे तोच. खजिन्याचा हिशेब लिहिणारा तो पोतनीस. फारसी ही दरबाराची भाषा होती, तेव्हाचे हे हुद्दे. माधवराव पटवर्धनांच्या १९२५ च्या फार्शी-मराठी कोशात फारसीतून आलेले शब्द शेकड्यांनी सापडतात.

म्हणजे आमच्या आडनावात दागिना नाही, नोकरी आहे. ती पुरुषांची. हुद्दा गेला, आडनाव मागे राहिले आणि सुनांना लागत गेले. गंमत बघा, मी बँकेत सव्वीस वर्षे रोखपाल होते. रोज संध्याकाळी पैशापैशाचा मेळ घालून उठायचे. या घरात पोतनिशी केली ती मी एकटीने. तेव्हा मात्र हे आडनाव मला शोभते असे कोणी म्हटले नाही.

चुलत सासूबाईंना मी कोश नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले. म्हणाल्या, "असेल. तरी घाल." मला हसू आले, पण बरेही वाटले. आता निदान भांडण खऱ्या मुद्द्यावर आले होते. ते पुढे चार वर्षे चालले आणि पोत डब्यातच राहिली.

लग्नानंतर आडनाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. माझ्या सुनेने बदलले नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. नात त्यानंतरची. तिच्या नावात आई आली. आडनाव कोणते लावायचे यावर घरात दोन रात्री चर्चा झाली आणि शेवटी पोतनीस लागले. सुनेने ते मान्य केले, पण अट घातली की अर्थ विचारला तर मुलीला खजिन्याचा सांगायचा. ते काम माझ्याकडे आहे.