रिंगेचं टोक आत वळवा

आपल्या दापोडीत पाया खणताना काळा कातळ लागला की घरमालक निर्धास्त होतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा कातळ. भूकंप व्हायचा तो हिमालयात, भूपट्टाच्या कडेला, असं म्हणतात. श्रोतेहो, हे मनातून काढून टाका. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967चा, किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेचा. दोन्हीकडे हाच कातळ, आणि भूपट्टाची कड कितीतरी लांब. आपला भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो, तिकडे अडतो, आणि ताण आतल्या जुन्या भेगांवरही येतो.

धक्का आपल्याकडेही बसू शकतो, म्हणून मला बोलायचंय कॉलमच्या रिंगेबद्दल. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती जी रिंग बांधतात, तिची टोकं अनेक साइटवर काटकोनात सोडलेली दिसतात. ती 135 अंशांत, आत गाभ्याकडे वळवायची असतात. आपल्या देशाच्या बांधकाम मानकात हा नियम 1993पासून लेखी आहे.

उसाची मोळी आठवा. कांड्या कितीही जाडजूड असोत, गाठ सुटली की मोळी विस्कटते. एकच बांध मधे घातला तर टोकं फाकतात, म्हणून बांध जवळजवळ हवेत, दोन्ही टोकांना तर अधिकच. कॉलमचंही असंच. धक्क्यात बाहेरचं काँक्रीट आधी गळतं, काटकोनातलं टोक मोकळं होतं, रिंग उघडते, सळया बाहेर फुगतात आणि वरचे मजले खाली येतात.

26 जानेवारी 2001ला भूकंप झाला कच्छात. इमारती पडल्या दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत. त्यातल्या बऱ्याच खाली नुसत्या कॉलमांवर मोकळं पार्किंग आणि वर मजले अशा होत्या. दापोडीत आज आपण तशाच बांधतोय, आणि कोयना आपल्याला त्याहून जवळ आहे.

पुन्हा सांगतो, टोक आत. सळईची जाडी सगळे विचारतात, रिंग कुणी विचारत नाही. कॉलमला शटरिंग लागण्याआधी स्वतः साइटवर जा, प्रत्येक रिंगेचं टोक हाताने चाचपा. काटकोनात लागलं तर काम थांबवा, मिस्त्री रागावला तरी थांबवा.