मद्यपाश आणि खिशांतील यंत्र



मद्यपानाविरुद्ध उपदेश आपण पुष्कळ ऐकले आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा माझा हेतु नाहीं. ज्याचें घर दारूनें पोखरलें, त्यास तिचे दुष्परिणाम आपणांहून अधिक ठाऊक असतात. अडचण अशी कीं, दारूचें सुख पहिल्या घोटासरशीं मिळतें आणि संयमाचें फळ महिन्यांनीं, वर्षांनीं हातीं येतें. संयमाच्या पारड्यांतही तत्काळ कांहीं टाकतां येईल काय, हा प्रश्न अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ नॅन्सी पेट्री ह्या विदुषीनें हातीं घेतला.

सन २००० मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत मद्यासक्त असे ४२ माजी सैनिक होते. नेहमींचे उपचार सर्वांसच मिळत. परंतु एका गटांतील मनुष्याचा श्वास तपासून तो निर्मद्य आढळला, कीं त्यास भांड्यांतून चिठ्ठी काढूं देत. पुष्कळ चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी, कांहींवर लहानशी वस्तु, क्वचित् मोठें बक्षीस. आठ आठवड्यांअखेर ह्या गटांतील शेंकडा ८४ जण उपचारांस टिकून राहिले. दुसऱ्यांतील अवघे २२.

तथापि श्वासांतील मद्याचा अंश कांहीं तासांतच नाहींसा होतो. तपासणी वारंवार हवी; आणि रोज दोनतीनदां दवाखान्याची पायरी कोण चढणार? येथें मोबाईल उपयोगी पडला. अलेस्सी व पेट्री ह्यांच्या २०१३ सालच्या प्रयोगांत ३० जणांस मोबाईल व श्वासमापक यंत्र देण्यांत आलें. दिवसांतून एक ते तीन वेळां संदेश येई. तो येतांच यंत्रांत फुंकर घालतांनाचा आपला व्हिडिओ काढून पाठवावयाचा, म्हणजे दुसऱ्याचा श्वास आपल्या नांवें खपविण्याची सोय उरत नसे! ज्यांस निर्मद्य श्वासाबद्दल वाढतें बक्षीस होतें, त्यांच्या शेंकडा ८७ तपासण्या निर्दोष निघाल्या, इतरांच्या ६७. सलग निर्मद्य दिवस सरासरीनें सुमारें १७ विरुद्ध ६.

कोणी म्हणेल, ही तर लांच झाली. सद्गुण विकत घ्यावयाचा काय? मला हा आक्षेप पटत नाहीं. लग्नाच्या मांडवांत आग्रहानें पेला पुढें करणाऱ्या आपणांस, न पिणाऱ्याचें कौतुक करण्यास मात्र संकोच कां वाटावा? बक्षीस थांबल्यावर गुण ओसरूं लागतो, ही उणीव खरी. म्हणून त्या अवधींत समुपदेश व सोबत ह्यांची जोड हवीच. शिवाय तें यंत्र पत्नीच्या वा मुलाच्या हातीं पोलिसाच्या दंडुक्यासारखें देऊं नये. पिणाऱ्यानें तें स्वखुषीनें स्वीकारलें पाहिजे.

एक सूचना मात्र कृपा करून घरोघरीं सांगावी. मोबाईलच्या त्या प्रयोगांतील लोक वारंवार पिणारे असले, तरी त्यांचें शरीर दारूच्या आधीन झालेलें नव्हतें. ज्याचे हात सकाळीं दारूवांचून कांपतात, त्यानें बक्षिसासाठीं वा शपथेपोटीं ती एकाएकीं सोडूं नये. झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणही जातो. अशा मनुष्यास प्रथम डॉक्टरांकडे न्यावें, आणि त्यांच्या देखरेखीखालीं दारू सुटल्यानंतर यंत्राचा विचार करावा.